फौजीनं न मोडलेली मान

मी माझ्या बायकोला मारायचो. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्यातूनच घडलं, आणि मधेच कुठंतरी हळू आवाजात सांगितलं तर लपवल्यासारखं होईल.

नव्वद सालानंतरची पहिली काही वर्षं. मी तिशीच्या अलीकडे होतो. कडेगावजवळ आमचा ऊस, आणि हंगामात मी ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस ओढायचो. बायको रहिमतपूरची. लग्नाला सहा वर्षं झाली होती. मारायला कारण लागायचं नाही. भाजीत मीठ जास्त झालं, हाक मारल्यावर ओ यायला उशीर झाला, चारचौघांत ती हसली, काहीही चालायचं. कधी थप्पड, कधी पाठीत गुद्दा, कधी कमरेचा पट्टा. माझी आई अशा वेळी चप्पल घालून मागच्या दारानं शेजारी निघून जायची आणि अर्ध्या तासानं काही झालंच नाही अशी परत यायची. गावात कुणी मला वाईट म्हणत नव्हतं. कामाला वाघ आहे, एवढंच म्हणायचे.

त्या दिवशी मी कारखान्याच्या अड्ड्यावर दोन दिवस नंबर लावून, वजन करून सकाळी घरी आलो. घराला कुलूप. आई तिच्या बहिणीकडे गेली होती आणि बायको रहिमतपूरला, भावाच्या मुलीच्या बारशाला. तिनं मला आठ दिवस आधी सांगितलं होतं. मी हूं म्हणालो होतो, पण ऐकलं नव्हतं. मी पायरीवर बसून राहिलो. भूक लागली होती, आणि अंगाला मळीचा वास येत होता. बसल्या बसल्या राग मुरत गेला. दुपारी एकच्या एसटीनं ती आली. हातात बारशाच्या घुगऱ्यांचा डबा होता.

"आवं, मी सांगितलं हुतं की तुमास्नी," ती म्हणाली आणि कुलूप काढायला माझ्याकडे पाठ करून वळली.

मी मागून तिचा अंबाडा धरला आणि सगळ्या अंगाचा जोर लावून मागं खेचलं. तिच्या मानेतून आवाज आला. खट. सुकी काटकी मोडल्यासारखा. डबा पडला आणि घुगऱ्या पायरीवरून खाली गेल्या.

"थांबा," ती म्हणाली. "आवं, थांबा."

मी आणखी एकदा खेचलं आणि पुढं ढकललं. तिचं कपाळ चौकटीच्या दगडावर आपटलं. ती खाली बसली, तेव्हा मी लाथ घातली. मग तिच्याच हातातली किल्ली घेऊन दार उघडलं आणि आत जाऊन झोपलो.

तीन दिवस तिची मान वळेना. मी डावीकडून हाक मारली की ती पायांपासून सगळीच वळायची. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिच्या उजव्या हातातून पीठ निसटून परातीत पडलं. तिनं पुन्हा उचललं, ते पुन्हा पडलं. हाताला मुंग्या येतात, म्हणाली. मला वाटलं, उसण भरली असेल. बाजारातला सलूनवाला दर आठवड्याला माझी दाढी झाली की एक हात कपाळाला, एक हनुवटीला लावून मान कडाकडा मोडायचा, आणि मला बरं वाटायचं. तसंच कुणीतरी हिचं करावं, एवढीच माझी समज होती. एसटी स्टँडवर एकानं सांगितलं, औंधला फौजी आहे, मान-कंबर एका झटक्यात मोकळी करतो.

मी तिला मोटारसायकलवर मागं बसवून पुसेसावळीवरून औंधला नेलं. रस्ता खड्ड्यांचा. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं होतं, त्यामुळे तिला मला धरता येत नव्हतं. दोनदा ती पडता पडता राहिली. मी शिव्या दिल्या, पण गाडी हळू केली नाही.

फौजी म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेला साठीतला माणूस. लष्कराच्या दवाखान्यात, जिथं पाठीचे आणि मानेचे जवान यायचे त्या वॉर्डात, त्यानं वर्षानुवर्षं मदतनीस म्हणून काम केलं होतं. परदेशात मणक्यांचं शास्त्र शिकून आलेला एक डॉक्टर साहेब तिथं होता. त्यानं फौजीच्या हाताला हात लावून ही विद्या शिकवली होती, हे मला नंतर कळलं. फौजीचं घर बौद्धवाड्यात. ओसरीवर एक उंच लाकडी बाक, त्याला रेक्झिनची गादी, आणि पालथं झोपल्यावर तोंड घालायला एका टोकाला भोक. भिंतीवर माणसाच्या कण्याचं हातानं काढलेलं चित्र. तीन-चार पेशंट सतरंजीवर बसले होते.

मी चप्पल न काढता ओसरी चढलो. "ए, हिची मान मोडून दे," मी म्हणालो. तो माझ्या बापाच्या वयाचा होता. आमच्याकडे त्या वाड्यातल्या माणसाला अरे-तुरे करायची रीत होती, आणि मी ती बिनविचार पाळत आलो होतो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बसा," तो म्हणाला. "काय झालं बाई?"

"विहिरीवर घसरली," मी म्हणालो.

"मी त्यांना इचारलं."

ती पायांपासून वळली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पायांपासून तिकडे वळली. "घसरले," ती म्हणाली.

त्यानं तिच्या मानेला हात लावला नाही. आधी स्वतःची दोन-दोन बोटं तिच्या दोन्ही हातांत दिली आणि दाबा म्हणाला. काडीच्या टोकानं तिच्या बोटांना हलकं टोचत गेला आणि कळतंय का विचारत गेला. फरशीच्या रेघेवरून चालून दाखवा म्हणाला. चार पावलांत तिचा झोक गेला. मग तिला स्टुलावर बसवून त्यानं तिची वेणी एका बोटानं बाजूला केली. मानेवर काळंनिळं झालं होतं. केसांच्या मुळाशी रक्ताच्या खपल्या होत्या. एका जागी त्यानं बोट नुसतं टेकवलं, आणि ती किंचाळली.

तो मागं सरकला. माझ्या हाताकडे पाहिलं.

"ही मान मी मोडणार न्हाई," तो म्हणाला. "हिला आत्ताच्या आत्ता सांगलीला न्या. मोठ्या दवाखान्यात. फोटो काढल्याबिगर हिच्या मानेला कुणी हात लावायचा न्हाई."

"लोकांच्या तर कडाकडा मोडतोस."

"आवं, आखडलेला सांधा येगळा आन मार लागलेली मान येगळी. हिच्या हातातलं बळ गेलंय, चालताना झोक जातोय. आत हाड तुटलेलं असंल. हिला मी झटका दिला तर ही ह्या बाकावरनं उठायची न्हाई. जलमभर." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आन विहिरीवर घसरलेल्या बाईचं केस मुळापासनं उपटत न्हाईत."

पेशंट ऐकत होते. माझ्या कानात आग पेटली. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. तो बाकावर आदळून खाली पडला. मी त्याच्या जातीवरून जे बोललो ते मी इथं लिहिणार नाही, पण बोललो, मोठ्यानं बोललो. मग त्याच्या बरगडीत लाथ घातली. त्याच्या तोंडातून रक्त आणि दोन दात फरशीवर आले.

आणि मग मी तिच्याकडे वळलो. "चल, मीच मोडतो," म्हणालो. एक हात तिच्या कपाळाला लावला आणि एक हनुवटीला, सलूनवाला लावतो तसे. तिचे डोळे मला इतक्या जवळून कधी दिसले नव्हते. ती ओरडली नाही. तिनं डोळे मिटले.

"मानेला धक्का नको!" खाली पडलेला फौजी रक्ताच्या तोंडानं ओरडत होता. "मला मार! मानेला धक्का नको!"

त्याच वेळी माझ्या उजव्या हातावर काहीतरी आदळलं आणि हात खांद्यापासून मेला. फौजीची बायको मुसळ घेऊन आतून आली होती. बुटकी, पांढऱ्या केसांची बाई. तिनं ते मुसळ पुन्हा उचललं. "काढ हात," म्हणाली. "काढ, न्हाईतर डोस्क्यात घालती." मी हात काढले. उजव्या हाताचं हाड मोडलं होतं. पेशंटांतल्या दोघांनी मला धरून ओसरीखाली ओढलं आणि मी तिथं मातीत बसलो.

बायको स्टुलावरून सावकाश उठली. सहा वर्षांत तिनं मला न विचारता काही ठरवलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मी सांगलीला जाणार," ती म्हणाली. "ह्यांच्यासंगं न्हाई."

फौजी उठला. तोंडाला फडकं लावलं. वर्तमानपत्राची जाड सुरळी केली, ती टॉवेलात गुंडाळली आणि तिच्या मानेभोवती अलगद बांधली, हनुवटी वर राहील अशी. स्टँडवर माणसं भरून नेणारी वडापची एक जीप रिकामी करून घेतली. ड्रायव्हरला म्हणाला, "खड्डा दिसला की थांबायचं, मग पार करायचं. घाई केलीस तर बाई मरंल." त्याची बायको मुसळ दारात ठेवून, तशीच, घरच्या लुगड्यावर जीपमध्ये बसली. त्या बाईनं माझ्या बायकोला त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

तिच्या मानेतलं एक हाड खरंच तडकलं होतं. सांगलीच्या डॉक्टरांनी तिच्या भावाला सांगितलं की ह्या मानेला कुणी एक झटका दिला असता तर खांद्याखालचं अंग गेलं असतं, कदाचित श्वासही. तिला कडक पट्टा घालून उताणं ठेवलं. मी दुसऱ्या दिवशी, हाताला प्लास्टर घालून, तिथं गेलो. कशाला गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझी बायको माझ्या परवानगीशिवाय कुठंतरी पडली आहे, हे मला सोसवत नव्हतं, तेच कारण असावं.

तिचा भाऊ फाटकाशीच भेटला. त्यानं काही विचारलं नाही. पहिल्याच ठोशात मी पडलो. तो मला लाथांनी मारत होता आणि प्रत्येक लाथेबरोबर तिचं लहानपणीचं लाडाचं नाव घेत होता, जे मला माहीतच नव्हतं. मी गटाराच्या कठड्यावर आडवा पडलो तेव्हा एक लाथ कमरेच्या मध्यावर बसली आणि डोळ्यांपुढं पांढरं झालं. रिक्षावाले बघत होते, कुणी मधे पडलं नाही. मी उलट हात उचलला नाही. पश्चात्ताप होता म्हणून नव्हे. एक हात प्लास्टरमध्ये होता म्हणून.

तिच्या भावानं तक्रार दिली. मी काही दिवस कोठडीत काढले आणि जामिनावर सुटलो. फौजीनं पोलिसांना जबाब दिला. वकिलानं मला तो वाचून दाखवला. माझ्या बायकोच्या हाताचं बळ, चालतानाचा झोक, मानेवरच्या खपल्या, सगळं त्यात होतं. स्वतःच्या दातांबद्दल एकच वाक्य होतं. "आपण ती घसरली होती असंच म्हणायचं," वकील म्हणाला. "तुमची बायको स्वतःच तसं बोलली होती, साक्षीदार आहेत." खटला रेंगाळत राहिला. ती पट्टा घालून रहिमतपूरला भावाकडे गेली ती गेलीच.

दीड वर्ष गेलं. कंबर त्या लाथेपासून कुरकुरत होती, आणि ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या सीटवर बारा-बारा तास बसून ती आणखी बिघडली. एका सकाळी कारखान्याच्या अड्ड्यावर मला सीटवरून उतरता येईना. दोघांनी काखेत हात घालून पोत्यासारखं उतरवलं. सांगलीत फोटो काढले. हाड शाबूत होतं, मणक्यांमधली गादीही बरी होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला, विश्रांती सांगितली. दोन महिने झाले तरी मी वाकडाच चालत होतो. जो तो एकच सांगत होता, औंधला जा. मी का जात नाही ते कुणाला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून सगळे सांगत होते.

शेवटी एसटीनं गेलो. दुपारची वेळ, ओसरीवर कुणी नव्हतं. मी खाली चपला काढल्या आणि उभा राहिलो. दारात फौजीची बायको आली. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"आवं," ती आत बघून म्हणाली, "त्यो आलाय."

फौजी बाहेर आला. वरचे दोन दात नवे होते, बाकीच्यांपेक्षा जरा पांढरे. त्यानं माझं वाकडं उभं राहणं खालून वर पाहिलं.

"मी जाऊ का?" मी विचारलं.

"फोटू आणलाय का?"

मी पिशवीतून एक्स-रे काढून दिला. त्यानं तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. त्याची बायको त्याला म्हणाली, "तुमी करा काय करायचं ते. मी ह्याला पाणी द्यायची न्हाई." आणि दारातच बसली, माझ्याकडे तोंड करून.

त्यानं मला विचारलं त्यातलं काही ऐकताना मला लाज वाटली. जांघेत बधीर वाटतं का? लघवी अडते का? पाय मधेच लुळा पडतो का? मी नाही म्हणालो. त्यानं मला उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला, गुडघ्याखाली रबराची हातोडी मारली, अंगठा वर दाबून धरायला लावला. तिच्यासारखंच, सगळं आधी तपासलं.

"तुझं करता येतंय," तो म्हणाला. "पण आधी ऐक. लोक म्हणत्यात फौजी हाड बसवतो. हाड काय जागा सोडून गेलेलं नसतंय. गेलं असतं तर तू चालत आला नसतास. दोन हाडांमधला सांधा आखडतोय आन त्येच्या भवतीचं मांस पहाऱ्यावर उभं ऱ्हातंय. मी त्या सांध्याला एक धक्का देणार. बारीक, पण जलद. त्यो ढिला झाला की मांस पहारा सोडतंय."

"आन आवाज?"

"सांध्यात वंगण असतंय. त्यात हवेचा बुडबुडा हुतो, त्येचा आवाज. मोडल्याचा न्हवं. न्हाई आला आवाज तरी काम झालेलं असतंय. लोक आवाजाला भुलत्यात."

त्यानं मला कुशीवर झोपवलं. वरचा पाय दुमडून बाकाच्या कडेवरून खाली सोडला, माझा खांदा मागं दाबला, आणि स्वतःचं वजन माझ्या कमरेवर आणलं. त्याचा चेहरा माझ्या कानाजवळ आला. ते दोन पांढरे दात मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होते.

"श्वास सोड," तो म्हणाला.

मी सोडला नाही. सगळं अंग लाकूड झालं. तो थांबला, वजन काढलं, पुन्हा आणलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तर माझे दात वाजायला लागले.

"गड्या, ताठ झालेल्या अंगाला झटका दिला की इजा हुती. असा ताठशील तर मी करणार न्हाई."

"तुमी मला मोडणार," मी म्हणालो. त्याला 'तुमी' म्हणालो हे माझ्या मागाहून लक्षात आलं. "माझी पाळी आलीय म्हणून मोडणार."

त्यानं हात काढले आणि स्टुलावर बसला. "त्या दिवशी मारावंसं लय वाटलं हुतं मला," तो म्हणाला. "मागनं पण वाटलं. जेवताना दात दुखायचं तवा तवा वाटलं. पर ह्या बाकावर झोपलेल्या माणसाला मी मारत न्हाई. आता नीट ऐक. मी काय करणार ते आधी सांगणार, मग हात लावणार. तुला नको वाटलं तर 'थांबा' म्हण. तुझ्या तोंडातनं ते निघालं की माझं हात वर. अर्ध्यात असलो तरी वर."

मी कुशीवर तसाच पडून होतो. भिंतीवरचं कण्याचं चित्र माझ्या समोर होतं.

"ती म्हणाली हुती का?" त्यानं विचारलं.

"काय?"

"थांबा म्हणून."

मला खोटं बोलता आलं असतं. दीड वर्ष मी पोलिसांना, वकिलाला, गावाला खोटंच सांगत होतो. "व्हय," मी म्हणालो. "दोनदा म्हणाली."

दारात बसलेल्या त्याच्या बायकोनं पदर सारखा केला. मग तो उठला, मला पुन्हा तसंच धरलं आणि म्हणाला, "आता खांदा मागं जाईल. आता माझं वजन येईल. श्वास सोड." मी सोडला. आत धरून ठेवण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं.

धक्का पापणी लवेपर्यंत संपला. दुखलं नाही. पण आवाज आला, खट, आणि मागोमाग आणखी एक. मला वाटलं मी ओरडलो, पण ओरडलो नव्हतो. दाराच्या पायरीवर तिच्या मानेतून आलेला तोच आवाज माझ्या अंगातून आला होता. त्यानं आत्ताच मला समजावलं होतं की हा मोडल्याचा आवाज नव्हे. माझ्यासाठी नव्हता. तिच्यासाठी होता. मी पालथा झालो आणि त्या बाकाच्या भोकात तोंड घातलं. फौजीनं पाठीवर हात ठेवला नाही की समजूत घातली नाही. तो मोरीत जाऊन हात धुऊन आला.

"आज आन उद्या अंग ठणकंल," तो म्हणाला. "मार खाल्ल्यागत वाटंल. ते ठीक हाय. एका टायमात सगळं जाईल असं समजू नगंस. चार-पाच येळा यावं लागंल, रोज व्यायाम करावा लागंल, आन ती ट्रॅक्टरची सीट बदल. पाय लुळा पडला, न्हाईतर लघवी अडली, तर हितं येऊ नगंस. थेट सांगली. समजलं?"

दुसऱ्या दिवशी खरंच मार खाल्ल्यासारखं दुखलं. तिसऱ्या दिवशी मी जवळजवळ सरळ उभा राहिलो. पाच खेपा झाल्या. दुखणं निम्म्याहून जास्त गेलं, सगळं गेलं नाही, आणि तो म्हणाला होता तसंच झालं. पाचव्या खेपेलाही त्याच्या बायकोनं मला पाणी दिलं नाही.

पुढच्या तारखेला कोर्टात वकील माझ्या शेजारी उभा होता. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो की ती घसरली नव्हती. वकिलानं माझी बाही ओढली. मी अंबाडा धरून खेचलं होतं, दोनदा, आणि ती थांबा म्हणाली होती, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. तिथं ती नव्हती. तिचा भाऊ होता. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला शिक्षा झाली. काही महिने आत काढले. आत असताना एकदा जेवणाच्या रांगेत एकानं मला ढोसलं आणि माझा हात त्याच्या गळ्यापर्यंत गेला. म्हणजे मी बदललो होतो असं मी म्हणणार नाही. हात गेला, आणि तो "सोड" म्हणाला तेव्हा काढला, इतकंच सांगता येईल.

बाहेर आल्यावर तिच्याकडून सोडचिठ्ठीचे कागद आले होते. तिचं शिलाई मशीन आणि पत्र्याची ट्रंक आमच्या घरीच होती. मी दोन्ही टेम्पोत घालून रहिमतपूरला नेलं. सकाळचे अकरा-साडेअकरा असतील. भाऊ दारात आला, माझ्याकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं. मी मशीन उतरवायला वाकलो.

"सोड, मी घेतो," तो म्हणाला आणि एकट्यानं उचलून आत नेलं.

मग ती बाहेर आली. पट्टा निघाला होता. अंगानं भरली होती, केस कापून खांद्यापर्यंत केले होते. मी तिच्या डावीकडे उभा होतो. ती पायांपासून वळली, माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. मान अजून डावीकडे जात नव्हती.

मी रस्ताभर काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. त्यातलं एकही तोंडातून निघेना. "कोर्टात मी खरं सांगितलं," एवढंच म्हणालो.

"भावानं सांगितलं."

"अजून दुखतं?"

"थंडीत दुखतं. हात बरा हाय. मशीन चालवता येईल. मावशी येऊन गेल्या परवा. औंधच्या, फौजींच्या घरातल्या. तुमच्या कमरेचं म्हणत हुत्या."

"बरी हाय आता."

तिनं मान डोलावली, जेवढी डोलत होती तेवढी. मी खिशातून कागद काढले, टेम्पोच्या बॉनेटवर ठेवून जिथं जिथं खूण होती तिथं सही केली आणि तिच्याकडे धरले. तिनं ते घेतले, एकेक पान उलटून सह्या बघितल्या.

"बरं," ती म्हणाली. "जावा आता तुमी."

ती कागद घेऊन आत गेली आणि मी टेम्पोत बसलो. ड्रायव्हरनं गाडी वळवली तोवर आतून मशीन चालल्याचा आवाज यायला लागला होता, थांबत थांबत, नवीन तेल घालून बघतात तसा.